परदेशी पैशाची वीज आणि तिच्यावरची देखरेख: अफगाणिस्तानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२००२ ते २०२१ या काळात अफगाणिस्तानात धरणे, उपकेंद्रे, डिझेल जनित्रे आणि शेकडो किलोमीटरच्या वीजवाहिन्या परदेशी पैशातून उभ्या राहिल्या. त्यात भारताचा पैसा होता आणि मुंबईतल्या एका कंपनीची माणसेही होती. या पैशावर लक्ष कोण ठेवत होते, त्यांना काय दिसले आणि दिसूनही काय बदलले नाही, याविषयी वाचक जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. काही उत्तरे लांब आहेत, कारण तपशिलाशिवाय ती समजत नाहीत.

अफगाणिस्तानात वीज येते कुठून?

बहुतेक वीज शेजाऱ्यांकडून विकत येते. उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि इराण या चार देशांतून येणारी वीज एकूण पुरवठ्याच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास असते. उरलेली देशातल्या जलविद्युत प्रकल्पांतून आणि थोडीफार औष्णिक व डिझेल केंद्रांतून येते.

या चार देशांची वीज एकाच तारेत मिसळता येत नाही. त्यांच्या यंत्रणा एकमेकींशी ताल जुळवून चालत नाहीत, म्हणून हेरातचा भाग एका शेजाऱ्यावर तर काबूलचा दुसऱ्यावर चालतो. कंदाहार आणि हेलमंदचा दक्षिण भाग तर काबूलच्या जाळ्याला जोडलेलाच नव्हता. हा नकाशा डोक्यात ठेवला की पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. दक्षिणेत एवढा खटाटोप का झाला आणि बगलान प्रांतात एक मनोरा पडला की काबूल अंधारात का जाते, ते त्यावरून कळते. जानेवारी २०१६ मध्ये तालिबानने बगलानमधल्या दंद-ए-शहाबुद्दीन भागात मनोरे पाडले आणि राजधानीला ऐन थंडीत विजेविना राहावे लागले.

वितरणाचे काम ‘दा अफगानिस्तान ब्रेश्ना शेर्कत’ ही सरकारी कंपनी करते. पूर्वी ते सरकारी खाते होते, २००८ मध्ये त्याची कंपनी झाली. पुढे तिला ‘ब्रेश्ना’ म्हटले आहे.

पैसा कोणकोणत्या वाटांनी आला?

ढोबळमानाने दोन वाटा होत्या. एकीत देणारा देश स्वतःच कंत्राट देतो, स्वतःच बिले चुकवतो आणि काम संपल्यावर किल्ल्या अफगाण सरकारच्या हातात ठेवतो. दुसरीत पैसा अफगाण सरकारच्या अर्थसंकल्पातून जातो आणि कंत्राट ब्रेश्ना काढते.

अमेरिकेच्या बाजूने यूएसएड ही मदतसंस्था होतीच, पण २०११ पासून संरक्षण खात्याचा पैसाही ‘अफगाणिस्तान पायाभूत सुविधा निधी’च्या नावाने विजेत आला. आशियाई विकास बँक आणि जागतिक बँक यांचे वेगळे निधी होते, भारताची मदत थेट होती. म्हणजे एकाच वाहिनीचा एक तुकडा एकाच्या पैशाचा, पुढचा तुकडा दुसऱ्याच्या पैशाचा, आणि दोन्हींची वेळापत्रके वेगळी. प्रत्येक देणाऱ्याचा लेखापरीक्षक आपापला तुकडा तपासणार. सबंध वाहिनीचा हिशेब विचारणारा कोणी नव्हता, ही त्रुटी या सगळ्याच्या मुळाशी आहे असे मला वाटते.

‘सिगार’ म्हणजे काय?

अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीसाठी नेमलेल्या अमेरिकेच्या विशेष महानिरीक्षकांचे हे कार्यालय. अमेरिकी काँग्रेसने २००८ मध्ये कायदा करून ते निर्माण केले. पहिले महानिरीक्षक अर्नोल्ड फील्ड्स, आणि २०१२ पासून बारा वर्षांहून अधिक काळ जॉन सोप्को. संरक्षण खाते, परराष्ट्र खाते आणि यूएसएड या तिघांचाही पुनर्बांधणीवरचा खर्च तपासण्याचा अधिकार या एका कार्यालयाला होता. खात्याचा स्वतःचा महानिरीक्षक आपल्या खात्यापलीकडे पाहू शकत नाही, सिगार पाहू शकत होते.

लेखापरीक्षण, प्रत्यक्ष जागेवरची तपासणी आणि गुन्हे अन्वेषण अशी त्याची कामे होती. त्याच्या तपासांतून दीडशेहून अधिक जण दोषी ठरले. दर तीन महिन्यांनी काँग्रेसला अहवाल जात असे आणि तो जनतेलाही खुला असे. ऑगस्ट २०२१ च्या त्याच्या अहवालात अमेरिकेने पुनर्बांधणीवर घातलेली रक्कम १४५ अब्ज डॉलर सांगितली आहे. त्यात सैन्य आणि पोलीस उभारणीचा वाटा सर्वांत मोठा, वीज हा त्यातला एक भाग.

मग देखरेखीत नेमके काय पाहतात? पैसे खाल्ले का, एवढेच?

बहुतेकांचा असाच समज असतो. चोरी पकडणे हे त्यातले सोपे काम. अवघड प्रश्न निराळे असतात. उपकेंद्र बांधून झाले, पण त्याला वीज कुठून मिळणार? जनित्र आले, पण डिझेलचा खर्च पाच वर्षांनी कोण करणार? मनोऱ्याखालची जमीन ताब्यात आहे का? दुरुस्तीचे सुटे भाग मागवायला ब्रेश्नाकडे माणूस आहे का? मीटर बसले, पण बिल भरायला सांगण्याची हिंमत वसुली कारकुनाला आहे का?

अफगाणिस्तानात सर्वांत मोठे नुकसान या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांमुळे झाले. पुढच्या चार उत्तरांत त्याची चार उदाहरणे आहेत.

तारखिल वीजकेंद्राचे काय झाले?

काबूलच्या वेशीवर यूएसएडच्या पैशातून बांधलेले १०५ मेगावॉटचे डिझेल केंद्र. २००७ मध्ये काम दिले गेले. काबूलच्या हिवाळ्यात लोक दिवसातून काही तासच वीज पाहत होते आणि २००९ ची अध्यक्षीय निवडणूक तोंडावर होती. डिझेल जनित्रे लवकर उभी राहतात म्हणून डिझेल निवडले. प्रत्यक्षात काम रखडले, खर्च वाढत गेला आणि शेवटी सुमारे ३३.५ कोटी डॉलर लागले. २०१० मध्ये केंद्र अफगाण बाजूकडे सोपवले.

दरम्यान जानेवारी २००९ मध्ये सालंग खिंडीवरून उझबेकिस्तानची वीज काबूलला पोचली होती. सिगारच्या २०१० च्या अहवालात आकडे शेजारी शेजारी मांडले आहेत: तारखिलची वीज युनिटला सुमारे २२ सेंट, आयात वीज सुमारे ६ सेंट. हा फरक वाचल्यावर ब्रेश्नाने जनित्रे बंद का ठेवली हे वेगळे समजावायला नको. यूएसएडच्या महानिरीक्षकांनी २०१५ मध्ये पाहिले तेव्हा फेब्रुवारी २०१४ ते एप्रिल २०१५ या काळात तारखिलने काबूलच्या गरजेचा १ टक्कासुद्धा पुरवला नव्हता. वर, कधीतरी सुरू करून लगेच बंद करण्याने यंत्रे खराब होत होती.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे दाभोळ आठवेल, आणि ते बरोबरच आहे. महागडे इंधन, घाईचा निर्णय, मग न परवडणारी वीज. पण दाभोळच्या वेळी करार वाचून त्यावर बोलणारे अभ्यासक, न्यायालये, विधिमंडळ आणि वर्तमानपत्रे आपल्याकडे होती. काबूलच्या ग्राहकाला करार पाहायलाच मिळाला नाही.

तारखिलच्या बाजूने एक सांगायला हवे. आयातीची वाहिनी तुटली की रुग्णालयांसाठी, पाण्याच्या पंपांसाठी राखीव केंद्र लागतेच. मग ते राखीव म्हणूनच आखायचे होते, तेवढ्याच आकाराचे आणि तेवढ्याच खर्चात.

कजाकी धरणाच्या टर्बाइनची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि ती सावकाश सांगण्यासारखी आहे.

हेलमंद नदीवरचे कजाकी धरण १९५३ चे. अमेरिकेच्या मदतीने १९७५ मध्ये तिथे १६.५ मेगावॉटची दोन यंत्रे बसली. मध्ये तिसऱ्यासाठी जागा मोकळी सोडली होती. युद्धांच्या दशकांत ती जागा मोकळीच राहिली आणि चालू यंत्रेही थकली. कंदाहार आणि लष्करगाह ही दोन शहरे या धरणावर अवलंबून.

२००८ च्या ऑगस्टअखेरीस १८.५ मेगावॉटचे नवे टर्बाइन सुटे करून कंदाहारहून कजाकीला न्यायचे ठरले. रस्ता तालिबानच्या ताब्यातला. ब्रिटिश सैन्याच्या पुढाकाराने, इतर देशांचे आणि अफगाण मिळून हजारो सैनिक आणि शंभराच्या आसपास वाहने असा ताफा वाळवंटातून आडवाटेने निघाला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला धरणावर पोचला. त्या वेळी जगभर त्याच्या बातम्या झाल्या.

टर्बाइन बसवायला शेकडो टन सिमेंट लागणार होते. ते कसे न्यायचे याचे उत्तर ताफा निघण्याआधी कुणाकडे नव्हते. रस्ता एकदा लढून उघडता येतो, रोज उघडा ठेवता येत नाही. बसवण्याचे काम घेतलेली चिनी उपकंत्राटदार कंपनी सुरक्षेअभावी निघून गेली. यंत्राचे भाग धरणावर तसेच पडून राहिले. २०१३ मध्ये यूएसएडने काम आपल्या हातातून काढून ब्रेश्नाकडे दिले आणि त्यासाठी ७.५ कोटी डॉलर राखून ठेवले. ते टर्बाइन ऑक्टोबर २०१६ मध्ये चालू झाले. ताफा पोचल्यापासून आठ वर्षांनी.

मधल्या काळात कजाकीहून निघणारी वीज ज्या भागांतून जात होती तिथल्या बऱ्याच गावांत बिले तालिबान गोळा करत होते. परदेशी करदात्याच्या पैशातून दुरुस्त झालेली वीज विरोधकाचा महसूल बनत होती, आणि हे देखरेख करणाऱ्यांना माहीतही होते. पण वाहिनी त्याच खोऱ्यातून जाणार, दुसरा मार्ग नव्हता. एका बाजूला कंदाहारचा बर्फकारखाना आणि रुग्णालय, दुसऱ्या बाजूला हा महसूल. याचे सोपे उत्तर कुठल्याच लेखापरीक्षकाकडे नसते, मी त्यांना दोष देत नाही. दोष आहे तो सिमेंटचा विचार न करता ताफा काढणाऱ्या आखणीचा.

कंदाहारमध्ये डिझेलवर एवढा खर्च का झाला?

कजाकी रखडले म्हणून. अमेरिकी सैन्याने दक्षिणेत जोर लावला त्या काळात असे मानले गेले की शहरात वीज आली, कारखाने चालले, तर तरुण बंडखोरांकडे जाणार नाहीत. त्यासाठी शोरंदाम आणि बाग-ए-पुल इथे डिझेल जनित्रे बसवली आणि इंधनाचा खर्च अमेरिकी संरक्षण खात्याने उचलला. कजाकी पूर्ण होईपर्यंतचा तात्पुरता पूल, असे त्याला म्हटले जाई.

सप्टेंबर २०१५ मध्ये इंधनाचे अनुदान संपले. कजाकीचे तिसरे यंत्र तेव्हाही चालू नव्हते. ब्रेश्नाला बाजारभावाचे डिझेल परवडत नव्हते आणि त्या भावाने वीज घेणे गिऱ्हाइकाला शक्य नव्हते. विजेच्या भरवशावर उघडलेल्या कारखान्यांना त्याचा फटका बसला. अनुदान संपल्यावर काय, हा प्रश्न सिगारने २०१२ आणि २०१३ च्या अहवालांत स्पष्ट विचारला होता. त्याला लिखित उत्तरे आली, आराखडा आला नाही.

२०१३ च्या त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. कंदाहारसाठी घेतलेले १.२८ कोटी डॉलरचे वितरण साहित्य गोदामात वापराविना पडून होते, कारण ते बसवण्याची व्यवस्था झाली नव्हती. हे साहित्य बसले असते तर गळती कमी झाली असती आणि ब्रेश्नाच्या हातात चार पैसे आले असते. हेच पैसे डिझेल विकत घ्यायला उपयोगी पडले असते.

मनोरे उभे राहिले पण वीज नाही, असे कसे होते?

काबूलच्या आसपासच्या प्रांतांत वाहिनी आणि उपकेंद्रे उभारण्याचे काम अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाकडे होते. ईशान्य वीजजाळ्याचा हा तिसरा टप्पा. खर्च सुमारे ६ कोटी डॉलर. मार्च २०१८ मध्ये सिगारचा तपासणी अहवाल आला. निष्कर्ष असे: वाहिनी कायमस्वरूपी कोणत्याही वीजस्रोताला जोडलेली नाही, तिची पूर्ण चाचणी झालेली नाही आणि ती चालवणे धोक्याचे असू शकते.

कारणे वाचली तर कुठल्याही पारेषण अभियंत्याला ती ओळखीची वाटतील. वाहिनीखालच्या पट्ट्यातली जमीन अफगाण सरकारने ताब्यात घ्यायची होती. ती पूर्ण घेतली गेली नाही. तारांखाली घरे आणि शेते तशीच राहिली आणि माणसे त्यांत राहतच होती. कंत्राटदाराला मात्र ‘बांधा’ म्हणून सांगितले होते. चाचणी करून वाहिनी चालू करून देण्याची जबाबदारी कंत्राटात नीट बांधलेली नव्हती.

आपल्याकडे वाहिनीच्या मार्गावरून शेतकऱ्यांचे वाद होतात. मोबदल्याचे दर ठरतात, मोजणी होते, लोक तहसीलदाराकडे जातात. हे सगळे वेळखाऊ असते म्हणून कंपन्यांना ते नकोसे वाटते. पण ते टाळले तर काय होते याचे उत्तर या वाहिनीच्या रूपाने उभे आहे. ज्याच्या डोक्यावरून उच्च दाबाची तार जाणार आहे त्याला मोबदला न देता, हलवण्याची व्यवस्था न करता तार ओढली गेली. अहवालात हा मुद्दा ‘मार्गाधिकार’ या मथळ्याखाली येतो. मला त्यात त्या तारेखाली झोपणारी मुले दिसतात.

निरीक्षक जागेवर जाऊच शकत नसतील तर देखरेख कशी होते?

२०१३ मध्ये सिगारने नकाशे काढून दाखवले की सैन्य परतल्यावर अमेरिकी नागरी निरीक्षकांना देशाचा जेमतेम २१ टक्के भाग गाठता येईल. मोजमाप साधे होते: जखमी झाल्यास तासाभरात उपचार मिळतील इतक्या अंतरावर हेलिकॉप्टर आणि रुग्णालय असले पाहिजे. त्या वर्तुळांच्या बाहेर निरीक्षक पाठवायचा नाही. वीजवाहिन्या बहुतांशी त्या वर्तुळांच्या बाहेरून जात होत्या.

मग उपग्रहाची छायाचित्रे, ठिकाणाची नोंद असलेले फोटो आणि स्थानिक त्रयस्थ निरीक्षक हे पर्याय आले. तिन्हींचा उपयोग आहे, तिन्हींना मर्यादा आहेत. उपग्रहाला मनोरा दिसतो, त्याच्या पायात किती सिमेंट पडले ते दिसत नाही. फोटो कंत्राटदाराचाच माणूस काढत असेल तर तो हवा तोच कोपरा दाखवतो. स्थानिक निरीक्षकाला कंत्राटदाराचे हत्यारबंद लोक ओळखत असतात.

या सगळ्यांत मला सर्वांत आश्वासक वाटले ते ‘इंटिग्रिटी वॉच अफगाणिस्तान’ या तिथल्याच संस्थेचे काम. गावानेच आपल्यातून निरीक्षक निवडायचे, त्यांना कामाचे मूळ कागद समजावून द्यायचे आणि बांधकाम चालू असतानाच त्यांनी ते पाहायचे. अशा माणसाला हेलिकॉप्टर लागत नाही. हे काम मुख्यतः शाळा, रस्ते, दवाखाने अशा लहान बांधकामांवर झाले. पारेषण वाहिनीचा आराखडा गावकऱ्याला वाचता येणार नाही हे खरे, पण आपल्या शेतातला मनोरा कुणाच्या संमतीने उभा राहिला आणि त्याचा पाया पहिल्या पावसात उघडा पडला का, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

पैसा अफगाण सरकारच्या हाती देणे चुकीचे होते का?

यावर वीस वर्षे वाद झाला. देणाऱ्यानेच सगळे बांधले तर ब्रेश्ना काही शिकत नाही आणि किल्ल्या हातात पडल्यावर तिला यंत्रणा परकी वाटते. सरकारच्या हाती दिला तर काबूलमधल्या वजनदार लोकांची टक्केवारी त्यात शिरते. यूएसएडने दुसरी वाट मोठ्या पारेषण कार्यक्रमात वापरून पाहिली. शेवट असा झाला की १९ सप्टेंबर २०१९ रोजी परराष्ट्रमंत्री माइक पॉम्पिओ यांनी एका मोठ्या वीजप्रकल्पासाठी ठेवलेले सुमारे १० कोटी डॉलर भ्रष्टाचार आणि आर्थिक गैरव्यवस्थापनाचे कारण देऊन अमेरिकी तिजोरीत परत नेत असल्याचे जाहीर केले. प्रकल्प पुढे अमेरिकेने स्वतःच्या वाटेने करायचे ठरवले.

निर्णयामागची कारणे खरी होती. त्याच दिवशी भ्रष्टाचारावर लक्ष ठेवणाऱ्या अफगाण-आंतरराष्ट्रीय समितीची मदतही थांबवत असल्याचे जाहीर झाले, ती भागीदार म्हणून सक्षम नाही असे सांगून. म्हणजे स्थानिक देखरेख कमकुवत आहे म्हणून तिचा आधार काढला, आणि तिच्या जागी नवी उभी केली नाही.

लोकांना मार्ग ठरवताना विचारले होते का?

तुर्कमेनिस्तानातून काबूलकडे येणाऱ्या ५०० किलोव्होल्टच्या वाहिनीचे उदाहरण घ्या. आशियाई विकास बँकेचा त्यात पैसा होता. जर्मन सल्लागारांच्या २०१३ च्या आराखड्यात ती बामियानमार्गे नेण्याची शिफारस होती. सालंगमार्गावर आधीच एक वाहिनी आहे, हिमकडे कोसळतात, आणि दोन्ही वाहिन्या एकाच खिंडीत ठेवल्या तर एकाच घावात दोन्ही जातील, असा विचार त्यामागे होता. सरकारने खर्च आणि वेळ वाचतो म्हणून सालंग निवडला. बामियान हा हजारा समाजाचा, पिढ्यानपिढ्या डावललेला प्रदेश. हा निर्णय त्यांना जुन्या अन्यायाचा पुढचा भाग वाटला.

मे २०१६ मध्ये काबूलमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. २३ जुलैला देहमझंग चौकात ‘रोशनाई’ चळवळीच्या दुसऱ्या मोर्चावर इस्लामिक स्टेटने आत्मघाती हल्ला केला. ८० हून अधिक माणसे गेली. मारणारे इस्लामिक स्टेटचे होते, त्याचा दोष वीजखात्यावर टाकता येणार नाही. पण वाहिनीच्या मार्गासाठी लोकांना रस्त्यावर यावे लागले, कारण तो कुठे, कुणी आणि कोणत्या आकड्यांवर बदलला हे विचारायला दुसरी जागाच नव्हती.

भारताने काय बांधले आणि त्यावर देखरेख कोणाची होती?

दोन मोठी कामे. पहिले, पुल-ए-खुम्री ते काबूल ही २०२ किलोमीटरची २२० किलोव्होल्टची वाहिनी आणि काबूलजवळचे चिमतला उपकेंद्र. पॉवर ग्रिड कॉर्पोरेशनने हे काम केले. सालंगचा डोंगर ओलांडणाऱ्या या वाहिनीवरूनच २००९ मध्ये काबूलला उझबेक वीज मिळू लागली. तारखिलपेक्षा कितीतरी कमी पैशात झालेले हे काम काबूलच्या घरांना त्याहून कितीतरी अधिक उपयोगी पडले. आपल्या अभियंत्यांबद्दल याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

दुसरे, हेरात प्रांतातल्या हरिरूद नदीवरचे ४२ मेगावॉटचे सलमा धरण. काम वॅपकॉस या भारत सरकारच्या कंपनीचे. ४ जून २०१६ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि अध्यक्ष अश्रफ गनी यांनी त्याचे उद्घाटन केले. धरण झाले, शेतीला पाणी आणि हेरातला वीज मिळाली. पण २००४ मध्ये सुमारे ३५१ कोटी रुपयांना मंजूर झालेला खर्च शेवटी सुमारे १,७७५ कोटींवर गेला. असुरक्षित रस्ते, साहित्य पोचवण्याची अडचण आणि बारा वर्षांची महागाई ही त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. मात्र सिगारसारखी, जागेवर जाऊन पाहणारी आणि दर तिमाहीला लोकांसमोर अहवाल ठेवणारी वेगळी संस्था भारताने नेमली नव्हती. म्हणून तारखिलच्या एकेका दिरंगाईचा हिशेब आज कुणालाही वाचता येतो, सलमाचा तितका वाचता येत नाही.

शिवाय माणसांची किंमत. ६ मे २०१८ रोजी बगलानमध्ये उपकेंद्राच्या कामावर असलेल्या मुंबईच्या केईसी इंटरनॅशनल या कंपनीच्या सात भारतीय कर्मचाऱ्यांचे अपहरण झाले. त्यांतले तिघे सुटायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. खर्चाच्या कोणत्याही तक्त्यात हा रकाना नसतो.

मग सगळेच पाण्यात गेले?

नाही. काबूल, मजार-ए-शरीफ, हेरात या शहरांत लाखो लोकांनी आयुष्यात प्रथमच रात्रभर टिकणारी वीज पाहिली. काबूलमध्ये मीटर बसवून आणि बिलांची पद्धत सुधारून गळती कमी करण्याचे काम झाले आणि ब्रेश्नाची वसुली खरोखर वाढली. कजाकीतली यंत्रे आज चालतात, आणि एका तुर्की कंपनीने तिथे २०२२ मध्ये १०० मेगावॉटची भरही घातली. ग्रिडची वीज मात्र ढोबळमानाने तीनांतल्या एकाच अफगाण माणसापर्यंत पोचली, गावे बहुतांश बाहेरच राहिली.

सिगारचे अहवाल एवढे परखड होते, तर फरक का पडला नाही?

थोडा पडला. काही रकमा वसूल झाल्या, काही कंत्राटे थांबली. पण अहवाल बहुधा काम झाल्यावर यायचा, तेव्हा पैसा खर्च झालेला असे. ज्या खात्यावर टीका झाली त्याच खात्याने सुधारणा करायची, आणि तिथले अधिकारी साधारण वर्षभरात बदलून जायचे.

याहून खोलवरचे कारण माझ्या मते हे आहे: सिगार अमेरिकी काँग्रेसला उत्तर देत होते. अमेरिकी करदात्याचा डॉलर वाया गेला का, हा त्याचा प्रश्न होता आणि तो त्याने प्रामाणिकपणे विचारला. त्या न जोडलेल्या वाहिनीजवळच्या दुकानदाराला वीज का मिळाली नाही, हे त्याला कुणी सांगायचे? त्याच्या भाषेत त्याच्यापुढे हिशेब ठेवणारे कार्यालय कधीच निर्माण झाले नाही. ते असते तर सिमेंटचा, जमिनीचा आणि डिझेलचा प्रश्न कंत्राटावर सही होण्याआधी विचारला गेला असता, कारण ज्याच्या घरी अंधार होतो तो हेच आधी विचारतो.

ऑगस्ट २०२१ नंतर काय झाले?

परदेशी पैसा जवळपास एका रात्रीत थांबला. शेजाऱ्यांना विजेचे पैसे डॉलरमध्ये द्यायचे आणि बँका गोठलेल्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत थकबाकी सुमारे ९ कोटी डॉलरवर गेल्याच्या बातम्या होत्या. पुढे ब्रेश्नाने वसुलीतून देणी फेडायला सुरुवात केली आणि आयात टिकली. मनोऱ्यांवरचे हल्ले कमी झाले, कारण हल्ला करणारेच आता पुरवठा करणारे होते.

किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तानची १,३०० मेगावॉट वीज अफगाणिस्तानातून पाकिस्तानला नेणारा ‘कासा-१०००’ प्रकल्प मध्येच अडकला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये जागतिक बँकेने अफगाण भागाचे काम पुन्हा सुरू करायला मान्यता दिली, या अटीवर की कंत्राटदारांची देणी आणि पुढचा महसूल देशाबाहेरच्या खात्यांतून हाताळला जाईल आणि तालिबान सरकारच्या यंत्रणेला त्यात स्थान नसेल. पैशाच्या सुरक्षिततेसाठी ही व्यवस्था भक्कम आहे. मात्र मनोऱ्याची देखभाल अफगाण माणसालाच करायची आहे. त्याचा पगार, त्याचे प्रशिक्षण आणि त्याची तक्रार बाहेरच्या खात्यातून कशी सुटणार, हे पाहत राहावे लागेल. सिगारसाठी कायद्याने ठरवलेली अखेरची तारीख ३१ जानेवारी २०२६ होती.

भारतीय नागरिक म्हणून मी काही विचारू शकतो का?

हो. परराष्ट्र मंत्रालय, पॉवर ग्रिड आणि वॅपकॉस या तिन्हींना माहिती अधिकार कायदा लागू आहे. परराष्ट्रसंबंधांना बाधा येईल अशी माहिती नाकारण्याची तरतूद कलम ८ मध्ये आहे, म्हणून अर्ज नेमका हवा. ‘सलमा धरणाची सर्व कागदपत्रे द्या’ असे लिहिले तर नकार येण्याची शक्यता जास्त. सुधारित खर्चाच्या मंजुरीची टिपणी, काम पूर्ण झाल्याचा दाखला, हस्तांतरणानंतर देखभालीची जबाबदारी कोणाची याचा करारातला परिच्छेद, असे वेगवेगळे मागावे. खासदारामार्फत अतारांकित प्रश्न विचारून लेखी उत्तर मिळवता येते, आणि ते संसदेच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी राहते. अर्ज मराठीतही करता येतो का, असे वाचक विचारतात. कायद्यानुसार तो हिंदी, इंग्रजी किंवा ज्या भागात अर्ज केला जातो तिथल्या राजभाषेत करता येतो. दिल्लीतल्या मंत्रालयासाठी हिंदी किंवा इंग्रजी वापरणे सोयीचे.